अख्खा लेख कशाला उघडता, तेवढा सेक्शनच उघडा ना!

मागच्या अंकात आपण बोललो होतो की दुकान असो, केंद्र असो, बचत गट असो, रोज तेच तेच प्रश्न येत असतील तर त्याची उत्तरं लिहून एखाद्या विकीवर (विकिपीडियासारखी, सगळ्यांना मिळून लिहिता-बदलता येणारी वेबसाईट) ठेवा, म्हणजे दरवेळी फोनवर घसा कोरडा करायची गरज नाही. लोकांनी ते खरंच मनावर घेतलं, आणि आता पत्रं आलीत ती पुढच्या भानगडीची. लेख लिहून झाले, पण बदलायचे कसे? एक ओळ दुरुस्त करायला जावं तर दुसरंच काहीतरी मोडतं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच एका गोष्टीवर.

उदगीरहून एक सेतू केंद्र चालक

सर नमस्कार. तालुक्यातल्या आम्ही काही ऑपरेटरनी मिळून शेअर्ड होस्टिंगवर मीडियाविकी टाकलंय, कोणत्या दाखल्याला काय काय लागतं त्याचे लेख लिहून ठेवलेत, नवीन पोरगं कामाला लागलं की त्याला म्हणायचं आधी हे वाच. पण नॉन क्रिमीलेयरचा लेख लई लांबलाय. कुणीबी एक ओळ बदलायला गेलं की खालचं काहीतरी उडायलंय. परवा एकानं मोबाईलवरून कागदपत्रांची यादी नीट केली तर 'अर्ज परत आला तर काय' हा अख्खा भागच गायब. लेखातला एकच भाग उघडून बदलता येईल असं काही टूल हाय का?

उत्तर : भाऊ, टूल तुमच्याकडं आहेच, फक्त वापरात नाही. मीडियाविकी म्हणजे ज्याच्यावर विकिपीडिया चालतं तेच, आणि त्यात प्रत्येक हेडिंगच्या शेजारी 'संपादन' अशी बारीक लिंक येते. ती दाबली की तेवढाच भाग, म्हणजे सेक्शन, बॉक्समध्ये उघडतो. सॉफ्टवेअर काय करतं, त्या हेडिंगपासून पुढच्या तेवढ्याच किंवा त्याच्यापेक्षा मोठ्या हेडिंगपर्यंतचा मजकूर कापून तुमच्या हातात देतं आणि सेव्ह केलं की बरोबर त्याच जागी परत बसवतं. पोटातली छोटी हेडिंग असतील तर ती सोबत येतात. बाकीचा लेख बॉक्समध्ये नाहीच, मग चुकून उडणार कुठून? तुमच्या ऑपरेटरचं बहुतेक असं झालं असणार की मोबाईलवर लांबलचक बॉक्समध्ये बोट घसरलं, खालचा ढीग सिलेक्ट झाला आणि एका अक्षरात सगळा उडाला.

आता तुम्ही म्हणाल आम्हाला तर ती लिंक दिसत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं, हेडिंग हे हेडिंग नसतंच, नुसतं ठळक केलेलं असतं. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं पण सॉफ्टवेअरला ठळक ओळ म्हणजे साधी ओळ. हेडिंग करायचं तर ओळीच्या दोन्ही बाजूला दोन-दोन बरोबरच्या खुणा, असं :

== कागदपत्रं ==

आणि त्याच्या पोटातलं असेल तर तीन-तीन. एवढं केलं की लिंक आपोआप येते.

दोन बारीक गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, लेखाच्या सुरुवातीला हेडिंगच्या आधी जो मजकूर असतो त्याला ही लिंक नसते, त्याला अख्खा लेख उघडावा लागतो, किंवा कुठलाही एक सेक्शन एडिटला उघडायचा आणि वर पत्त्यात सेक्शनचा जो आकडा दिसतो तो बदलून 0 करायचा, मग फक्त सुरुवातीचा भाग येतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती लिंक सेक्शनचं नाव नाही, नंबर धरून चालते. समजा सकाळी तुम्ही पान उघडून ठेवलं, मधल्या वेळात दुसऱ्या कुणी वर एक नवीन सेक्शन घातला, आणि दुपारी तुम्ही त्याच जुन्या पानावरून तिसऱ्या सेक्शनची लिंक दाबली, तर आता जो तिसरा आहे तो उघडतो, तुमच्या डोळ्यासमोरचा नाही. म्हणून बॉक्स उघडला की आधी पहिल्या ओळीतलं हेडिंग वाचायचं, मग हात लावायचा.

उडालेला भाग परत आणायचा तर 'इतिहास' मध्ये जा, जुनी आवृत्ती उघडा, तेवढाच सेक्शन कॉपी करून आजच्या लेखात चिकटवा. जुनी आवृत्ती जशीच्या तशी परत बसवू नका, नाहीतर नंतर बाकीच्यांनी जे चांगलं केलं तेही जाईल.

आणि खरं काम पुढं आहे राव. लेख कापायचा कसा? लोक हेडिंग देतात ती दिसायला बरी म्हणून, 'प्रस्तावना', 'महत्त्वाची माहिती', 'इतर माहिती'. या 'इतर माहिती' इतकं बेकार हेडिंग दुसरं नाही, त्यात कोण काय टाकेल नेम नाही. माझं म्हणणं, एका वेळी जे बदलतं ते एका सेक्शनमध्ये ठेवा. उत्पन्नाची मर्यादा सध्या वर्षाला 8 लाख आहे, ती बदलेल तेव्हा सरकारी निर्णयानं बदलेल. फी वेगळ्या वेळी बदलते. कागदपत्रांची यादी आणखी तिसऱ्याच कारणानं. अर्ज परत येण्याची कारणं तर तुम्हा लोकांच्या अनुभवातून आठवड्याला वाढत असतील. मग हे चार सेक्शन वेगळे. आणि 8 लाख हा आकडा लेखात एकाच सेक्शनमध्ये लिहा, बाकी ठिकाणी 'मर्यादा वर बघा' म्हणा, नाहीतर उद्या एका ठिकाणी बदलेल, दोन ठिकाणी जुनाच राहील आणि नवीन पोरगं नेमका जुना वाचेल.

तुळजापूर तालुक्यातून एक वाचक

सर, आमची शेळीपालकांची कंपनी आहे. अनुदान, विमा, लसीकरण, सगळ्याचे लेख आहेत आमच्याकडं. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून मी प्रत्येक लेख उघडून उस्मानाबादचं धाराशिव करून टाकलं, एका झटक्यात शोधा-आणि-बदला मारलं. आता लोक हसायलेत, कारण लेखात 'धाराशिवी शेळी' झालंय! एकएक शब्द हातानं बदलत बसू का?

उत्तर : पत्र वाचून मलाही हसू आवरलं नाही, माफ करा. उस्मानाबादी शेळी ही नोंदलेली जात आहे, जिल्ह्याचं नाव 2023 ला बदललं म्हणून शेळीचं नाव बदलत नाही. पण तुमच्या लेखांत याच्यापेक्षा वाईट एक गोष्ट झाली असणार, ती बघा आधी. 'जुनी कागदपत्रं' असा भाग असेल तर तिथं काहीतरी असं लिहिलेलं असेल की टीसीवर किंवा सातबाऱ्यावर उस्मानाबाद छापलेलं असलं तरी चालतं. आता तिथं झालं असेल 'धाराशिव छापलेलं असलं तरी चालतं'. शेळीचं वाचून माणूस हसून सोडून देईल, पण हे वाचून माणूस जुनं कागद बदलायला तहसीलला चकरा मारेल.

सेक्शन उघडून काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी इथंच दिसतो. बॉक्समध्ये फक्त एक सेक्शन असला की शोधा-आणि-बदला तेवढ्यापुरतंच चालतं. 'कार्यालयाचा पत्ता' सेक्शन उघडा, तिथं बिनधास्त सगळं बदला. 'अर्ज कुठं करायचा' मध्येही बदला. 'जातीची ओळख' आणि 'जुनी कागदपत्रं' यांना हातच लावू नका. एक काळजी घ्या, बॉक्सच्या एडिटरमध्ये जी बदलायची सोय असते ती वापरा, आख्ख्या साईटवर एकदम फिरणारी एक्स्टेन्शनं (वरून जोडायची साधनं) मिळतात ती नको, तीच तर ही शेळी करतात.

आता झालेलं निस्तरायचं तर इतिहासात त्या दिवसाच्या आधीची आवृत्ती काढून तेवढे दोन सेक्शन परत आणा. छत्रपती संभाजीनगरवाल्यांनीही हे वाचून ठेवावं, तिकडं तर जुनं नाव संस्थांच्या नावात, निकालपत्रात सगळीकडं छापलेलं आहे.

जालन्याहून, बियाणांच्या एका कंपनीच्या हेल्पडेस्कवरून

आमच्याकडे डोकुविकी आहे (हेही विकी चालवायचंच एक सॉफ्टवेअर), विक्रेत्यांसाठीचे लेख त्यात. तिघं जण लिहितो. मी 'उगवण कमी आली तर' हा सेक्शन उघडला की दुसऱ्याला 'साठवणूक' उघडता येत नाही, म्हणतं पान लॉक आहे. सेक्शन वेगळे असून लॉक कशाला?

उत्तर : कारण डोकुविकीत लॉक पानाला लागतं, सेक्शनला नाही. सेक्शन उघडला तरी ते काय करतं, वरचा आणि खालचा उरलेला मजकूर फॉर्ममध्ये लपवून सोबत ठेवतं आणि सेव्ह करताना तिन्ही तुकडे जोडून अख्खं पान लिहितं. मग दोघांनी एकदम केलं तर शेवटच्याचं टिकणार आणि पहिल्याचं जाणार, म्हणून ते आधीच दार लावून घेतं. हे लॉक मुळात 15 मिनिटांचं असतं, टाईप करत राहिलात तर वाढत जातं, सेव्ह किंवा रद्द केलं की सुटतं. बहुतेक भांडण कुठं होतं तर माणूस एडिट उघडतो आणि टॅब तसाच सोडून चहाला जातो. त्याला रद्द दाबायची सवय लावा.

मीडियाविकीचं वेगळं आहे, ते लॉक करत नाही, दोघांनाही लिहू देतं आणि शेवटी दोन्ही बदल जोडायचा प्रयत्न करतं. वेगवेगळ्या ठिकाणचे बदल असतील तर गुपचूप जोडून टाकतं, एकाच ओळीवर किंवा अगदी लागून असतील तर दुसऱ्याला सांगतं की बाबा भांडण झालंय, तूच ठरव. तिघांपेक्षा जास्त लोक असतील तर मला हेच बरं वाटतं. पण तुम्ही तिघंच आहात, आणि डोकुविकीला डेटाबेस लागत नाही, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये सगळं असतं, बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी करणं, एवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलू नका. मोठं पान असेल तर फोडून दोन पानं करा, लॉकचं दुखणं तिथंच संपतं.

वरून एक सांगतो, तुमच्याकडं लाईट जाते ना (कुणाकडं जात नाही म्हणा), डोकुविकी टाईप करता करता कच्चा मसुदा ठेवत असतं. परत एडिट उघडलं की विचारतं, मसुदा सापडलाय, घ्यायचा का. घ्या म्हणायचं. आणि डोकुविकीत बरोबरच्या खुणांचा हिशोब उलटा आहे हे विसरू नका, तिथं जास्त खुणा म्हणजे मोठं हेडिंग, सहा म्हणजे सगळ्यात मोठं. छोट्या हेडिंगला एडिटचं बटण दिसत नाही अशी तक्रार येते ती पण इथलीच, मुळात वरच्या तीन पातळ्यांनाच बटण असतं, सेटिंगमध्ये वाढवता येतं.

परभणीहून कृषीचा एक विद्यार्थी

सर आम्ही मित्रांनी मिळून गावाकडच्या लोकांसाठी पीकविम्याचे लेख केलेत, सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा असे वेगवेगळे. कापसाच्या लेखात 'शेतकऱ्याचा हप्ता' मध्ये 2 टक्के लिहिलेलं होतं, मी सेक्शन उघडून 5 केलं. तर सोयाबीन, तूर सगळ्यात 5 दिसायलंय. मी तर फक्त कापसाचाच लेख उघडला होता. हे काय झालं?

उत्तर : तुम्ही कापसाचा लेख उघडला होता, पण लिंक दाबल्यावर जे पान आलं ते कापसाचं नव्हतं. तुमच्यापैकी कुणीतरी हुशार मित्रानं 'शेतकऱ्याचा हप्ता' हा भाग साचा म्हणून वेगळा ठेवला आणि चारही लेखांत ओढून घेतला. विचार चांगलाच होता, एकदा लिहा आणि सगळीकडं दिसू द्या. पण साच्याच्या आत हेडिंग असलं की त्याच्या शेजारची संपादनाची लिंक साच्याच्या पानावर नेते, लेखावर नाही. तिथं बदललं की जिथं जिथं साचा आहे तिथं तिथं बदललं. वर पानाचं नाव बघितलं असतं तर 'साचा:' असं दिसलं असतं, पण कोण बघतो, आपण थेट बॉक्समध्येच जातो.

तुमचा आकडा मात्र बरोबर होता. पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य-तेलबियांना 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्के. म्हणजे सोयाबीन-तूर 2, हरभरा 1.5, कापूस 5. जो भाग पिकागणिक बदलतो तो साच्यात टाकायचाच नव्हता. आकडा लेखातच लिहा. साच्यात काय ठेवा, तर जे सगळ्या पिकांना खरंच एक आहे, म्हणजे अर्ज कुठं भरायचा, मदतीचा नंबर, कोणती कागदं. आणि साच्याच्या आत हेडिंग ठेवू नका, हेडिंग लेखात लिहा आणि त्याच्या खाली साचा बोलवा, मग लिंक दाबली की लेखाचाच सेक्शन उघडेल आणि आत मजकुराऐवजी साच्याचं नाव दिसेल, माणूस तिथंच थबकेल.

हा विषय तुम्ही निवडला ते एका अर्थानं बरंच झालं, कारण पीकविम्याइतकं लवकर शिळं होणारं दुसरं काही नाही. राज्यानं 2023 ला 1 रुपयात विमा आणला, 2025 ला तो बंद झाला. ज्यांनी '1 रुपया' हे वाक्य लेखभर पसरवून ठेवलं होतं त्यांना विचारा किती ठिकाणी शोधावं लागलं! ज्यांनी 'हप्ता' असा एक सेक्शन ठेवला त्यांचं काम चहा गार व्हायच्या आत झालं.

नांदेडहून एक वाचक ताई

दादा, आम्ही ग्रुपवर लेखातल्या बरोबर त्या सेक्शनची लिंक टाकतो, म्हणजे बायकांना अख्खं वाचायला नको. पण एक तर लिंक टक्के-टक्के करून हातभर लांब होते, आणि दुसरं म्हणजे मैत्रिणीनं हेडिंग थोडं सुधारलं की जुन्या लिंका लेखाच्या वरच नेऊन सोडतात.

उत्तर : ताई, दोन्हीचं मूळ एकच, सेक्शनचा पत्ता हेडिंगच्या शब्दांवरून बनतो. देवनागरीचं एक अक्षर संगणकात तीन बाईटचं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाईटला टक्क्याची खूण धरून तीन अक्षरं. म्हणजे एका अक्षराची नऊ. 'उत्पन्नाचा' हा एवढासा शब्द, त्यात काना आणि जोडाक्षरातले पाय मोजले तर दहा, लिंकमध्ये झाले नव्वद! आणि हेडिंगमध्ये एक काना जरी बदलला तरी पत्ता बदलतो, ब्राउझरला जुना पत्ता सापडत नाही, मग तो वरच थांबतो. चूक दाखवत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही.

उपाय असा की सेक्शनला हेडिंगपेक्षा वेगळी, छोटी, इंग्रजी दोन-तीन अक्षरांची खूण द्यायची आणि लिंकमध्ये ती वापरायची. मीडियाविकीत स्पॅनचा टॅग (पानावर न दिसणारा छोटा कोड) लिहून त्याला आयडी, म्हणजे ती खूण, देता येतो. कुठं लिहायचा हे मात्र नीट ऐका. हेडिंगच्या वरच्या ओळीत लिहिला तर तो आधीच्या सेक्शनचा शेवट होतो, तो सेक्शन एडिट करणारी बाई 'हे काय कचरा' म्हणून खोडून टाकते. हेडिंगच्या खाली लिहिला तर लिंक दाबल्यावर पान हेडिंगच्या खाली थांबतं, वरचं नाव दिसत नाही. म्हणून हेडिंगच्याच ओळीत, बरोबरच्या खुणांच्या आत लिहायचा. मग हेडिंग खुशाल सुधारा, खूण तशीच ठेवा, लिंक चालत राहते.

थोडक्यात

*हिंगोली : मोबाईलवर रेंज कमी, लेख उघडायलाच वेळ लागतो, एडिट कसं करू?* — मीडियाविकीला मोबाईलफ्रंटएंड एक्स्टेन्शन टाकायला सांगा, प्रत्येक सेक्शनला पेन्सिल येते आणि साध्या एडिटरमध्ये तेवढाच मजकूर खाली उतरतो. संगणकावर दिसेल तसा बदलणारा जो व्हिज्युअल एडिटर असतो तो मात्र सेक्शनची लिंक दाबली तरी अख्खं पान आणतो आणि फक्त तिथपर्यंत सरकवून दाखवतो, त्यामुळं नेट बारीक असेल तर साधाच एडिटर वापरा.

*अंबाजोगाई : कोणी कुठला सेक्शन बदलला ते कळायला हवं.* — सेक्शन उघडून बदल केला की त्याचं नाव बदलाच्या सारांशात आपोआप पडतं, 'अलीकडील बदल' मध्ये ते दिसतं. अख्खा लेख उघडून केलं तर नाही पडत. लोकांना सांगा, ते नाव खोडू नका, पुढं दोन शब्द तुमचे लिहा.

*सेलू : फीचा सेक्शन फक्त मीच बदलावा, बाकीचा सगळ्यांनी. जमेल का?* — थेट नाही. मीडियाविकीत कुलूप पानाला लागतं, सेक्शनला नाही. फीचा मजकूर वेगळ्या पानावर ठेवा, त्या पानाला कुलूप लावा आणि लेखात फीच्या हेडिंगखाली ते पान ओढून घ्या.

*माजलगाव : आमच्याकडं विकी नाही, सगळं वर्डच्या फाईलमध्ये आहे.* — मग हेडिंगला हेडिंगचीच स्टाईल द्या, नुसतं बोल्ड नको, म्हणजे डाव्या बाजूच्या नेव्हिगेशनमध्ये सेक्शन दिसतील आणि तिथूनच धरून वर-खाली हलवता येतील. फाईल चार जणांकडं फिरत असेल तर रिव्ह्यू टॅबमधलं एडिटिंगवरचं बंधन वापरा, ज्या भागाला सूट दिली तेवढाच त्यांना बदलता येतो. आणि फाईलच्या नावात 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' असं लिहिणं आता तरी थांबवा, तारीख लिहा.